खेळणारे उदंड, घडविणारे हवेत

आजरा हे नाव उर्वरित महाराष्ट्राला मुख्यतः दोन कारणांनी ठाऊक आहे. पहिले कारण घनसाळ. हिरण्यकेशीच्या खोऱ्यात पिकणाऱ्या या सुवासिक तांदळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. दुसरे कारण शिवाजी सावंत. ३१ ऑगस्ट १९४० रोजी आजऱ्यात जन्मलेल्या आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात शिक्षकी पेशा पत्करलेल्या या तरुणाने कर्णाचा ध्यास घेतला, त्या ध्यासापायी थेट कुरुक्षेत्र गाठले आणि १९६७ मध्ये, वयाची तिशीही गाठली नसताना, ‘मृत्युंजय’ ही कादंबरी मराठी वाचकांच्या हाती ठेवली. पुढे १९७९ मध्ये ‘छावा’ आली. १९९४ मध्ये भारतीय ज्ञानपीठाचा मूर्तिदेवी पुरस्कार ‘मृत्युंजय’ला मिळाला. सावंत २००२ मध्ये गेले. पण १४ फेब्रुवारी २०२५ रोजी ‘छावा’वर आधारलेला चित्रपट प्रदर्शित झाला आणि आजऱ्याच्या या सुपुत्राचे शब्द, पुस्तक कधीही हाती न धरलेल्या लक्षावधी तरुणांपर्यंत पडद्याच्या वाटेने जाऊन पोहोचले.

या तरुणांचा दिवसातला मोठा वेळ आज कोठे जातो, हे कोणत्याही घरातील आईला विचारावे. चित्रपट वर्षातून दोन-चार वेळा पाहिला जातो. मोबाइलवरचा खेळ रोज खेळला जातो. आजऱ्याच्या एस.टी. स्थानकावर गाडीची वाट पाहत बसलेली महाविद्यालयीन मुले, पावसाळ्यात घरात कोंडलेली शाळकरी पोरे, कोणाच्याही हाती तो दिसतो. अशा मुलांपैकी एखादा जेव्हा घरी येऊन म्हणतो, “मला गेम खेळायचा नाही, गेम बनवायचा आहे,” तेव्हा त्याच्या वाट्याला काय येते? बहुधा हेटाळणी, नाहीतर “आधी अभ्यास कर, मग बघू” असे ते ‘बघू’, ज्याचा अर्थ नकार असतो हे घरातील प्रत्येकाला समजते. खेळणारा आणि खेळ घडविणारा यांत फरक असू शकतो, हेच बहुसंख्य कुटुंबांच्या गावी नाही. कादंबरी वाचत लोळणारा आणि कादंबरी लिहिण्यासाठी कुरुक्षेत्र गाठणारा यांच्यात जेवढे अंतर, तेवढेच अंतर येथेही आहे.

पालकांची भीती निराधार आहे, असे मुळीच नाही. खेळाच्या आहारी जाण्याच्या विकाराला जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आजारांच्या वर्गीकरणात स्थान दिले असून ते वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागू झाले आहे. ‘ऑनलाइन गेम’ या गोंडस नावाखाली चाललेल्या पैशांच्या रमीने आणि तत्सम प्रकारांनी किती संसार उघड्यावर आणले, हे गावोगावच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संमत केला. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर त्याने बंदी घातली, ती योग्यच झाली. पण त्याच कायद्याच्या नावात ‘नियमन’ या शब्दाच्या बरोबरीने ‘प्रोत्साहन’ हाही शब्द आहे, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. जुगार आणि खेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कायद्याने मान्य केले. घराघरांत ते मान्य होणे अजून बाकी आहे.

कोल्हापूरकरांना तर हे समजण्यास अडचण पडू नये, कारण शंभर वर्षांपूर्वी याच जिल्ह्यात हा प्रसंग एकदा घडून गेला आहे. नाटकांचे पडदे रंगविणारे बाबूराव पेंटर चलच्चित्रांच्या नादी लागले, तेव्हा चित्रपट हा धंदा प्रतिष्ठित घरांत उच्चारण्याजोगा नव्हता. परदेशी कॅमेरा परवडणारा नव्हता, म्हणून त्यांनी आपल्या कारागीर साथीदारांसह तो येथेच घडविला. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आली. नव्या, परक्या यंत्रातून या कलावंताला सर्वप्रथम सांगावीशी वाटली ती महाभारतातील कीचकवधाची कथा, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. लोकमान्य टिळकांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरविले. टिळकांसारख्या राष्ट्रपुरुषाने त्या काळी या ‘छंदा’कडे कोणत्या नजरेने पाहिले, याचा आजच्या सुशिक्षित पालकांनी विचार करावा. याच कंपनीत उमेदवारी करीत शांताराम वणकुद्रे नावाचा मुलगा व्ही. शांताराम झाला.

यंत्र परके म्हणून त्यातून सांगितली जाणारी कथाही परकीच असली पाहिजे, असा नियम नाही. पण कथा आपण सांगितली नाही तर दुसरा कोणीतरी सांगणार, हा मात्र नियमच आहे. २००९ मध्ये एका इंग्लिश कंपनीने ‘एम्पायर: टोटल वॉर’ हा अठराव्या शतकावरील युद्धखेळ बाजारात आणला. त्यात खेळणाऱ्याला ज्या सत्तांच्या बाजूने लढता येते, त्यांत मराठ्यांचे राज्यही आहे. जगभरातील मुलांनी त्या खेळात मराठ्यांची फौज हाकली, किल्ले घेतले, क्वचित इंग्रजांनाही समुद्रात लोटले. म्हणजे मराठ्यांचे राज्य ज्यांनी बुडविले त्यांच्याच देशात बसून कोणीतरी ते राज्य खेळण्यायोग्य केले. त्यांनी ते आपल्या माहितीप्रमाणे आणि आपल्या नजरेने केले. त्यांना त्याबद्दल दोष देण्याचे कारण नाही. प्रश्न असा की, ज्या कोल्हापूरच्या गादीची स्थापना महाराणी ताराबाईंनी केली, त्या मुलुखातील एकाही मुलाला हा खेळ आपण करावा असे वाटले नसेल काय? वाटले असेल. त्याचे पुढे काय झाले, हा खरा प्रश्न आहे.

चीनचे उदाहरण याहून अधिक बोलके आहे. २० ऑगस्ट २०२४ रोजी ‘ब्लॅक मिथ: वुकाँग’ हा खेळ प्रसिद्ध झाला आणि पहिल्या तीन दिवसांत त्याच्या एक कोटी प्रती खपल्या. त्याचा नायक सून वुकाँग हा वानरवीर. बुद्धवचनांचे ग्रंथ आणण्यासाठी भारताकडे निघालेल्या भिक्षूचा तो रक्षक; ज्या जुन्या चिनी कादंबरीतून तो आला, तिच्यामागे ह्युएन त्संगाची आपल्या देशातील यात्रा आहे. या वानराच्या मुळाशी आपला हनुमानच असावा, असे काही चिनी अभ्यासकांनीही सुचविले आहे. म्हणजे कथेचे एक टोक आपल्या अंगणात. तिचा जगभर गाजलेला खेळ मात्र हांगझाऊ आणि शेन्झेनमध्ये तयार झाला. त्या खेळासाठी शान्सी प्रांतातील प्राचीन मंदिरांची आणि मूर्तींची बारकाईने मापे व चित्रे घेण्यात आली होती. खेळ गाजताच त्या आडबाजूच्या मंदिरांकडे तरुणांची रीघ लागली. आता शिरोळ तालुक्यातील खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर डोळ्यांसमोर आणावे. जुलै २०२५ मध्ये ‘युनेस्को’ने जागतिक वारसा म्हणून स्वीकारलेल्या बारा किल्ल्यांपैकी एक असलेला पन्हाळा आणावा. सामानगड, भुदरगड, पारगड तर आजऱ्याच्या मुलांच्या सहलीच्या टप्प्यातील. सामग्रीची वाण कोठे आहे?

पोलंडनेही हेच केले. आंद्रे सापकोव्स्की या पोलिश लेखकाच्या कथांवरून तेथील कंपनीने ‘द विचर’ ही खेळमालिका केली, आणि २०११ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा वॉर्सात आले तेव्हा पोलंडच्या पंतप्रधानांनी त्यांना दिलेल्या भेटवस्तूंत त्या मालिकेतील एक खेळ होता. राष्ट्राने आपली ओळख म्हणून पाहुण्याच्या हाती ठेवावी, अशी ती वस्तू झाली होती.

महाराष्ट्रात अशा प्रयत्नांची अगदीच उणीव आहे, असे नव्हे. पुण्यात २०१७ मध्ये उभ्या राहिलेल्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या चमूने ‘राजी: अ‍ॅन एन्शन्ट एपिक’ हा खेळ केला. त्यासाठी लोकवर्गणीतून पैसा उभारण्याचा २०१७ मध्ये केलेला प्रयत्न फसला. ठरविलेली रक्कम जमली नाही. तरीही श्रुती घोष, अविचल सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम सोडले नाही. २०२० मध्ये खेळ जगभर प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’ या आंतरराष्ट्रीय सोहळ्यात सर्वोत्तम पदार्पणासाठीच्या मोजक्या नामांकनांत त्याला स्थान मिळाले. खेळ काहीसा आखूड आहे, त्याचा शेवट अपुरा वाटतो, अशी टीकाही झाली आणि ती खोटी नाही. पण डोंबाऱ्याचे खेळ करणारी एक मुलगी आपल्या धाकट्या भावाला राक्षसांच्या तावडीतून सोडविण्यास निघते, आणि तिच्या वाटचालीचे निवेदन करतात ते साक्षात विष्णू आणि दुर्गा, ही कल्पनाच मोठी सुंदर आहे.

या कल्पनेत एका नाजूक प्रश्नाचे उत्तरही दडलेले आहे. २००९ मध्ये ‘सोनी’च्या प्लेस्टेशनसाठी हैदराबादेत तयार झालेल्या ‘हनुमान: बॉय वॉरियर’ या खेळावर अमेरिकेतून आक्षेप घेतला गेला होता. खेळणाऱ्याने बटणे दाबून देवाला नाचवावे, हा देवतेचा अवमान आहे, असा त्याचा आशय होता. श्रद्धावंताच्या मनाला लागलेली ठेच खोटी नसते आणि व्यापारी हेतूने देवतांची विटंबना करणारे जगात कमी नाहीत. तथापि आंबोलीचा घाट उतरून तळकोकणात गेले की दशावतारी मंडळी रात्र रात्र देवांची सोंगे आणतात; शेतात राबणारा माणूस रात्री विष्णू होऊन रंगपीठावर येतो आणि प्रेक्षकांतील म्हातारी त्याला हात जोडते. गोंधळ, भारूड, कीर्तन, सारे याच जातीचे. देवाचे रूप घेणे या परंपरेला कधीच निषिद्ध नव्हते. ती पाहत आली ते घेणाऱ्याचा भाव. ‘राजी’ने देवाला बाहुले केले नाही, भक्ताला नायिका केले आणि देवाला साक्षी ठेवले. हे सुचण्यासाठी आपल्या परंपरेची जाण लागते. ती ज्याला नाही, त्याच्या हातून चूक होणारच. निषेधाचे पत्रक एका दुपारी लिहून होते. चांगला खेळ करण्यास चार-चार वर्षे लागतात. समाजातील जाणत्यांनी आपला वेळ यांपैकी कशासाठी राखून ठेवायचा, याचा निर्णय एकदा करावयास हवा.

खेळ रचणे म्हणजे चित्रे हलविणे नव्हे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे, कारण आवड असलेल्या मुलांचाही बहुधा हाच गैरसमज असतो. ‘मृत्युंजय’चेच उदाहरण घ्यावे. समजा, आजऱ्यातील एखाद्या मुलाने कर्णावर खेळ करावयाचे ठरविले. धनुष्यबाण, रथ, रणांगण हे सर्व काढता येईल. पण कवचकुंडलांच्या प्रसंगी तो अडेल. इंद्र ब्राह्मणाच्या वेषात दारी उभा आहे. कर्ण ती देणार हे खेळणाऱ्याला आधीच माहीत आहे. देण्यावाचून दुसरा पर्यायच ठेवला नाही, तर तो खेळ राहत नाही, नुसता चित्रपट होतो. नाही म्हणण्याची मोकळीक दिली, तर तो कर्ण राहत नाही. मग काय करावे? एक वाट अशी की, नकाराची मोकळीक द्यावी, युद्धही जिंकू द्यावे, परंतु त्या दिवसापासून त्याच्या दारी एकही याचक येऊ नये. रोज सूर्योपासनेनंतर गजबजणारा घाट ओस पडावा. खेळणाऱ्याला कोणी काही सांगू नये. त्या रिकाम्या घाटावरून त्यालाच समजावे की आपण काय गमावले. दानशूरत्व म्हणजे काय हे शंभर व्याख्यानांनी जेवढे उमजणार नाही, तेवढे अशा एका प्रसंगातून उमजेल, कारण निर्णय ऐकणाऱ्याने स्वतः घेतलेला असेल. खेळ या माध्यमाचे बळ हेच. वाचक कर्णासाठी हळहळतो. खेळणाऱ्याला काही काळ कर्ण व्हावे लागते.

सावंतांनी ही किमया शब्दांत साधली होती, असे म्हटले तर वावगे होऊ नये. त्यांनी कर्णाची कथा एकाच तोंडून सांगितली नाही. कर्ण बोलतो, कुंती बोलते, दुर्योधन, वृषाली, शोण, शेवटी श्रीकृष्ण, आणि प्रत्येकाच्या बोलण्यातून तीच घटना नव्याने उलगडते. आज खेळ रचणारे ज्याला पात्र बदलून खेळणे म्हणतात, त्याची पूर्वतयारी आजऱ्याच्या या लेखकाने १९६७ मध्येच करून ठेवली आहे. तेव्हा गेम घडवू पाहणाऱ्या मुलाला “पुस्तके बाजूला ठेव आणि संगणक शीक” असा उपदेश करणारे त्याचे नुकसानच करीत असतात. संगणक त्याने शिकावाच, गणित पक्के करावे, चित्रकला गिरवावी; पण आजऱ्याच्या गंगामाई वाचन मंदिराची पायरी चढणे सोडू नये.

हे माध्यम घडविणारी मोठी माणसे सर्व महानगरांतच वाढली, असेही नाही. ‘मारिओ’ आणि ‘झेल्डा’ या जगप्रसिद्ध खेळांचे जनक शिगेरू मियामोतो क्योतोजवळच्या सोनोबे या लहानशा गावात वाढले. लहानपणी त्यांना रानात भटकताना एक गुहा सापडली; कंदील घेऊन ते तीत शिरले. त्या भीतीतून आणि नवलातून पुढे १९८६ मधील ‘झेल्डा’चे विश्व निर्माण झाले, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. रामतीर्थावर हिरण्यकेशीचा प्रवाह कातळावरून कोसळताना ज्याने पाहिला आहे, आंबोलीचे धुके ज्याच्या अंगावरून गेले आहे, त्या मुलाजवळ सोनोबेच्या मुलापेक्षा कमी काय आहे?

कमी असलेल्या गोष्टी आहेत, आणि त्या नाकारण्यात अर्थ नाही. वस्ताद नाही. कोल्हापुरात कुस्ती रुजली ती केवळ मुलांच्या हौसेमुळे नव्हे. शाहू महाराजांनी खासबागेचे मैदान बांधले, पेठापेठांत तालमी होत्या, तालमीत वस्ताद होते आणि पोराच्या खुराकाची चिंता गाव वाहत होते. गेम घडविण्याची तालीम आज जिल्ह्याच्या ठिकाणीही सहजी सापडत नाही. शासनाच्या पातळीवर हालचाल झाली आहे. अ‍ॅनिमेशन व खेळांच्या क्षेत्रासाठी केंद्राने २०२२ मध्ये कृतिदल नेमले, २०२५ मध्ये मुंबईत ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज’ सुरू झाली, त्याच वर्षी महाराष्ट्र मंत्रिमंडळाने या क्षेत्राचे स्वतंत्र धोरण मंजूर केले. या सर्वांचे स्वागत आहे. परंतु मुंबईतील संस्थेचा उपयोग आजऱ्याच्या मुलाला तेथपर्यंत पोहोचल्यावर. तेथपर्यंत त्याला पोहोचवायचे कोणी? ते काम शासनाचे नाही, समाजाचे आहे. ज्या शाळांत संगणक कक्ष सायंकाळी कुलूपबंद असतात, त्यांचे चालक दोन तास कुलूप उघडू शकतात. पुण्यात, बंगळुरात माहिती तंत्रज्ञानात स्थिरावलेले गावचे तरुण गणपतीला गावी येतात. आरतीनंतरचे चार दिवस ते चार मुलांना देऊ शकतात. ज्या साधनांनी खेळ घडतो, त्यांपैकी ‘ब्लेंडर’ आणि ‘गोडो’ ही उत्तम साधने पूर्णपणे विनामूल्य आहेत. बाबूराव पेंटरांना कॅमेरा घडवावा लागला. या मुलांना तेवढेही करावयाचे नाही.

आणि मुलांकडूनही अपेक्षा आहे. या क्षेत्रात पहिला खेळ फसतो, दुसरा कोणी खेळत नाही, नोकऱ्या मोजक्या आहेत आणि परदेशातील मोठमोठ्या कंपन्यांनी अलीकडच्या वर्षांत हजारो माणसे कमी केली आहेत. हे सारे ठाऊक असताना ज्याचा हात थांबत नाही, त्याच्याच आवडीला ध्यास म्हणावे. त्याने पदवी पूर्ण करावी, पोटापाण्याचा दुसरा मार्ग हाताशी ठेवावा. सावंतांनीही शिक्षकाची नोकरी सांभाळूनच कर्ण लिहिला. आरंभीच महाभारताला हात घालण्याचे कारण नाही. लहानसे काहीतरी पुरे करून दाखवावे. अर्धवट सोडलेल्या दहा भव्य खेळांपेक्षा एक पुरा झालेला छोटा खेळ मोलाचा.

असा छोटा खेळ शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. आजऱ्याहून आंबोलीमार्गे सावंतवाडीला गेले की राजवाड्यात गंजिफा रंगविणारे चित्रकार आजही भेटतात. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात ही मरू घातलेली कला हात देऊन वर काढली. दशावतारी गंजिफेत मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहाची पाने, अशी एकशेवीस गोल पाने असतात. निम्म्या अवतारांत आकडा जितका मोठा तितके पान मोठे, उरलेल्या निम्म्यांत नेमके उलट. पाने विकत घेणारे पुष्कळ आहेत, ती भिंतीवर शोभतात; खेळता येणारी माणसे मात्र शोधावी लागतात. नियम जाणत्या वृद्धांकडून उतरवून घेणे, ते संगणकाला समजतील अशा पायऱ्यांत मांडणे आणि मोबाइलवर चार जणांना खेळता येतील असे करणे, हे एका चिकाटीच्या मुलाला सुट्टीभरात आरंभता येण्याजोगे काम आहे. त्यातही मौज आहेच. दिवसाच्या डावात पहिला मान रामाचा आणि रात्रीच्या डावात कृष्णाचा, अशी जुनी रीत आहे. एवढा एक नियम यंत्राला शिकवायला बसलेल्या मुलाला पहिल्याच संध्याकाळी विचारात पडावे लागेल, की चार गावचे चार खेळाडू एका डावाला बसले असता सूर्यास्त कोणत्या गावचा धरायचा.